इंग्लिश कंट्री हाउसविषयक सचित्र ग्रंथांचा संग्रह

इंग्लंडमधील सरदार व जमीनदार घराण्यांच्या ग्रामीण प्रासादांची, त्यांच्या बागांची आणि अंतर्भागांची चित्रे असलेले जुने छापील ग्रंथ जमविणे, त्यांची शहानिशा करणे व त्यांचे जतन करणे ही ग्रंथसंग्रहाची एक स्वतंत्र शाखा मानली जाते. अशा प्रासादास इंग्रजीत ‘कंट्री हाउस’ असे म्हणतात. हे केवळ गावाकडचे घर नसून जमीनदारीचे, राजकीय सत्तेचे आणि सामाजिक प्रतिष्ठेचे केंद्र असे. त्यामुळे त्याचे चित्र छापून घेणे हा देखील प्रतिष्ठेचाच एक भाग होता. या ग्रंथांचा मुख्य काळ इ.स. १७०७ पासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा आहे.

विसाव्या शतकात इंग्लंडमधील हजाराहून अधिक कंट्री हाउस पाडली गेली. त्यांपैकी अनेकांचे रूप आज केवळ या ग्रंथांतील चित्रांवरून कळते. त्यामुळे शोभेची वस्तू म्हणून छापलेल्या या पुस्तकांना कालांतराने पुराव्याचे मूल्य प्राप्त झाले. हा पुरावा कितपत विश्वसनीय आहे, आणि ग्रंथ फोडून त्यातील चित्रे सुटी विकण्याची प्रथा त्याला कशी मारक ठरते, हे या क्षेत्रातील दोन प्रमुख प्रश्न आहेत.

ग्रंथांचे प्रकार

संग्राहक या ग्रंथांची विभागणी सामान्यतः पुढीलप्रमाणे करतात.

१. दृश्यसंग्रह : अनेक प्रासादांची बाह्यदृश्ये आणि प्रत्येकासोबत थोडा मजकूर.
२. वास्तुशास्त्रीय ग्रंथ : नकाशे, दर्शनी बाजू आणि छेदचित्रे मोजमापांसह देणारे मोठ्या आकाराचे ग्रंथ.
३. एकाच प्रासादाला वाहिलेले ग्रंथ : बहुधा मालकाच्या आश्रयाने आणि मोजक्या प्रतींत छापलेले.
४. मार्गदर्शिका व चित्रसूची : प्रासाद पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांसाठी छापलेल्या लहान पुस्तिका.
५. उद्यानविषयक ग्रंथ : प्रासादाभोवतीच्या भूरचनेचे प्रस्ताव व चित्रे.
६. लिलावसूची : प्रासादातील वस्तूंच्या विक्रीच्या वेळी छापलेल्या याद्या.

यांतील शेवटचा प्रकार दीर्घकाळ दुर्लक्षित होता. आता मात्र कोणत्या दालनात कोणती वस्तू होती हे सांगणारे साधन म्हणून अभ्यासक त्याला विशेष महत्त्व देतात.

इतिहास

विहंगम दृश्यांचा काळ

या परंपरेचा आरंभ सामान्यतः १७०७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रिटानिया इलस्ट्राटा’ या ग्रंथापासून धरला जातो. लिओनार्ड निफ आणि योहानेस किप या नेदरलँड्समधून इंग्लंडात आलेल्या दोन कलावंतांनी तो तयार केला. चित्रे निफने रेखाटली आणि किपने ती तांब्याच्या पत्र्यावर कोरली. पहिल्या आवृत्तीत दोन पानांवर पसरलेली ८० चित्रे होती. त्यात राणीचे राजवाडे आणि सरदारांचे प्रासाद उंचावरून पाहिल्यासारखे दाखविले आहेत. विमान वा फुगा अस्तित्वात नसताना ही दृश्ये प्रत्यक्ष मोजणी आणि कल्पना यांच्या मिश्रणातून सिद्ध झाली. घराभोवतीच्या भौमितिक बागा, वृक्षांच्या सरळ रांगा, तबेले, फळबागा आणि क्षितिजापर्यंतची शेते असा मालकाच्या जमिनीचा संपूर्ण विस्तार एका नजरेत यावा, हा त्यांमागील हेतू होता. किपने १७१२ साली प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट ॲटकिन्सच्या ग्लॉस्टरशायर परगण्याच्या इतिहासासाठीही अशीच चित्रे कोरली.

अठराव्या शतकात भूरचनेची अभिरुची बदलली. भौमितिक बागा मोडून त्यांच्या जागी नैसर्गिक वाटणारी हिरवळ, तळी आणि वृक्षसमूह आले. त्यामुळे निफ व किप यांची चित्रे अल्पावधीतच नाहीशा झालेल्या बागांची साक्ष बनली. आज जुन्या बागांची पुनर्रचना करताना त्यांचा आधार घेतला जातो.

वास्तुशास्त्रीय ग्रंथ

स्कॉटिश वास्तुविशारद कॉलेन कॅम्पबेल याच्या ‘विट्रुव्हियस ब्रिटानिकस’ या ग्रंथाचे पहिले दोन खंड १७१५ व १७१७ साली आणि तिसरा १७२५ साली निघाला. प्राचीन रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याच्या नावावर बेतलेल्या या ग्रंथाने पॅलेडियन शैलीचा, म्हणजे इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पॅलाडिओच्या पद्धतीच्या संयमित व प्रमाणबद्ध बांधणीचा, इंग्लंडमध्ये पुरस्कार केला. जॉन वुल्फ आणि जेम्स गॅंडन यांनी १७६७ व १७७१ साली या ग्रंथाला चौथा आणि पाचवा खंड जोडला. पाचही खंडांचा संच पूर्ण असणे हे या क्षेत्रातील मोठ्या संग्रहाचे एक लक्षण समजले जाते.

एकाच प्रासादावरील ग्रंथांत आयझॅक वेअर याने १७३५ साली प्रसिद्ध केलेला नॉरफक परगण्यातील हॉटन हॉलच्या नकाशांचा ग्रंथ आणि मॅथ्यू ब्रेटिंगहॅम याचा १७६१ सालचा होकम हॉलवरील ग्रंथ हे प्रमुख होत.

वर्गणीदारांच्या ग्रंथमालिका

ताम्रपटावरील कोरीवकाम खर्चिक असल्याने असे ग्रंथ बहुधा आगाऊ वर्गणी गोळा करून छापले जात. वर्गणीदारांची नावे ग्रंथाच्या आरंभी छापण्याची पद्धत होती. आपल्या घराचे चित्र आणि यादीत आपले नाव अशा दुहेरी मानासाठी जमीनदार वर्गणी देत. काही वेळा चित्राखाली मालकाचे कुलचिन्ह व त्याला उद्देशून अर्पणपत्रिका असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हे ग्रंथ सुट्या भागांत निघू लागले. वर्गणीदार ते भाग जमवून शेवटी आपल्या पसंतीची चामडी बांधणी करून घेत. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रती बाहेरून, आणि पुष्कळदा चित्रांच्या क्रमाच्या दृष्टीने आतूनही, सारख्या नसतात.

विल्यम वॉट्सची ८४ चित्रांची मालिका (१७७९–१७८६) हे या प्रकाराचे उत्तम उदाहरण होय. जॉन प्रेस्टन नील याच्या मालिकेने तिचा विस्तार सर्वांत पुढे नेला. तिचे पहिले सहा खंड १८१८ ते १८२३ या काळात आणि पुढील पाच खंड १८२४ ते १८२९ या काळात प्रसिद्ध झाले. या अकरा खंडांत सुमारे ७०० चित्रे आहेत. चित्रे आकाराने लहान असली तरी मध्यम प्रतीच्या असंख्य घरांची नोंद त्यांत सापडते. ज्या घरांना मोठ्या ग्रंथांत कधीच स्थान मिळाले नाही, त्यांच्यासाठी नीलचे खंड अनेकदा एकमेव छापील साधन ठरतात.

रंगीत चित्रांचा काळ

१७७० च्या दशकात चित्रकार पॉल सँडबी याने अक्वाटिंट हे तंत्र इंग्लंडमध्ये रुजविले. त्यामुळे जलरंगासारख्या छटा छापणे शक्य झाले. उद्यानरचनाकार हंफ्री रेप्टन याने त्याचा कल्पक उपयोग केला. आपल्या आश्रयदात्यांसाठी तो लाल चामड्यात बांधलेल्या हस्तलिखित वह्या तयार करीत असे. त्या ‘रेड बुक’ या नावाने प्रसिद्ध आहेत. तिच्यातील चित्रावर एक कापलेली झडप चिकटविलेली असे. झडप खाली असताना जागेचे मूळ रूप दिसे आणि ती उचलताच सुधारणेनंतरचे रूप समोर येई. हीच युक्ती त्याने १७९५, १८०३ व १८१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छापील ग्रंथांतही वापरली.

विल्यम हेन्री पाइन याचा राजनिवासांवरील तीन खंडांचा ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाताने रंगविलेली १०० अक्वाटिंट चित्रे असून त्यांत प्रामुख्याने अंतर्भाग दाखविलेले आहेत. लंडनमधील कार्लटन हाउस हा राजनिवास १८२० च्या दशकात पाडण्यात आला. त्याच्या दालनांची सजावट आज प्रामुख्याने या ग्रंथातून कळते.

शिळाछपाईचे तंत्र प्रचारात आल्यावर जोसेफ नॅश याने जुन्या काळातील इंग्लंडच्या प्रासादांवरील आपली चित्रमाला १८३९ ते १८४९ या काळात चार भागांत प्रसिद्ध केली. ब्रायटन येथील राजमहाल बांधणारा वास्तुविशारद जॉन नॅश याच्याशी त्याची गल्लत करू नये. जोसेफ नॅशने ट्यूडर व एलिझाबेथकालीन दालने त्या काळच्या पोशाखातील माणसांनी गजबजलेली दाखविली. ही चित्रमाला अत्यंत लोकप्रिय झाली आणि ‘जुन्या इंग्लंड’विषयीच्या व्हिक्टोरियन काळातील कल्पनारम्य ओढीला तिने आकार दिला.

यॉर्कशायरमधील धर्मोपदेशक फ्रान्सिस ऑर्पेन मॉरिस याने संपादित केलेली मालिका १८६० च्या दशकापासून १८८० पर्यंत निघत होती. तिची चित्रे अलेक्झांडर फ्रान्सिस लायडन याने काढली, तर ड्रिफील्ड या लहानशा गावातील मुद्रक बेंजामिन फॉसेट याने ती लाकडी ठशांवरून रंगीत छापली. महानगरापासून दूर असलेल्या या छापखान्याच्या कामाचा दर्जा आजही वाखाणला जातो.

छायाचित्रांचा काळ

१८९७ साली एडवर्ड हडसन याने ‘कंट्री लाइफ’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यासाठी चार्ल्स लेथम याने काढलेली छायाचित्रे पुढे तीन मोठ्या खंडांत (१९०४–१९०९) संकलित झाली. हेन्री एव्हरे टिपिंग याची इंग्लिश घरांवरील नऊ खंडांची मालिका १९२० ते १९३७ या काळात आली. टिपिंगने जुनी कागदपत्रे तपासून घरांच्या बांधकामाचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. यामुळे या ग्रंथांचे स्वरूप गौरवाकडून संशोधनाकडे वळले. या छायाचित्रांत माणसे जवळजवळ दिसत नाहीत. खोल्या रिकाम्या, निटनेटक्या आणि शांत असतात. ज्या काळात हे खंड निघत होते त्याच काळात अनेक घरे विकली व पाडली जात होती, ही गोष्ट त्यांच्याकडे पाहताना लक्षात घ्यावी लागते.

मुद्रणतंत्रे व त्यांची ओळख

चित्र कोणत्या तंत्राने छापले आहे हे ओळखणे संग्राहकासाठी मूलभूत कौशल्य आहे. त्यावरून ग्रंथाचा काळ, आवृत्ती आणि अस्सलपणा यांचा अंदाज येतो.

* ताम्रपट : कोरलेल्या रेषांत शाई भरून पत्रा ओल्या कागदावर दाबला जातो. चित्राच्या चारही बाजूंना पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा राहतो. तांबे मऊ असल्याने अनेक प्रती काढल्यावर रेषा झिजतात. म्हणून सुरुवातीच्या प्रतींतील चित्रे अधिक ठळक असतात.
* अक्वाटिंट : राळेच्या बारीक कणांवर आम्लाची क्रिया करून छटा निर्माण केली जाते. भिंगातून पाहिल्यास अनियमित जाळीसारखी कणरचना दिसते. रंग बहुधा नंतर हाताने भरलेले असतात.
* पोलादी पत्रा : १८२० च्या दशकापासून प्रचारात आला. रेषा अतिशय बारीक व चंदेरी दिसतात आणि हजारो प्रती निघूनही ठसा झिजत नाही.
* शिळाछाप : गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढून छपाई केली जाते. पत्र्याच्या कडेचा ठसा नसतो आणि खडूचा पोत जाणवतो.
* रंगीत काष्ठठसे : प्रत्येक रंगासाठी निराळा लाकडी ठसा वापरला जातो.
* जाळीठसे : छायाचित्रांच्या छपाईचे हे तंत्र असून भिंगाखाली नियमित ठिपके दिसतात.

शेवटच्या तंत्राचे ज्ञान विशेष उपयोगी पडते. जुन्या कोरीवचित्राची आधुनिक नक्कल कितीही हुबेहूब असली, तरी भिंगाखाली तिच्यातील नियमित ठिपके उघडे पडतात.

प्रतीची तपासणी

जुन्या सचित्र ग्रंथाची किंमत प्रामुख्याने तो पूर्ण आहे की नाही यावर ठरते. यासाठी पाने व चित्रे एकेक करून मोजली जातात आणि चित्रसूचीशी, तसेच प्रमाणभूत ग्रंथसूचीशी ताडून पाहिली जातात. मेजर जॉन रोलंड ॲबी याच्या संग्रहावर आधारलेली सूची (ब्रिटन व आयर्लंडच्या दृश्यांचा खंड, १९५२) ही रंगीत ग्रंथांसाठी आणि आयलीन हॅरिस यांचा १९९० सालचा ग्रंथ ही १७८५ पर्यंतच्या वास्तुशास्त्रीय ग्रंथांसाठी प्रमाण मानली जाते. कोणत्या घराचे चित्र कोणत्या ग्रंथात आहे हे शोधण्यासाठी जॉन हॅरिस यांची १९७१ सालची सूची उपयुक्त आहे.

तपासणीत पुढील बाबी पाहिल्या जातात.

* कागद : अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक इंग्लिश कागदांच्या जलचिन्हात वर्ष असते. शीर्षकपृष्ठावर १८०३ हे वर्ष असून कागदाच्या जलचिन्हात १८१५ असेल, तर ती प्रत नंतर छापलेली आहे हे उघड होते.
* रंग : काही प्रती मूळच्या काळ्या-पांढऱ्या असून बाजारमूल्य वाढविण्यासाठी त्यांत अलीकडे रंग भरलेले असतात.
* झडपा : रेप्टनच्या ग्रंथांतील झडपा पुष्कळदा फाटलेल्या वा हरवलेल्या असतात.
* मोठ्या कागदावरील प्रती : एकच ग्रंथ साध्या आणि रुंद समासाच्या अशा दोन रूपांत निघे. दुसरे रूप महाग असे. नीलच्या मालिकेच्या अशा काही प्रतींत चित्रे ‘इंडिया पेपर’ या पातळ कागदावर छापली आहेत. नाव इंडिया असले तरी हा कागद मूळचा चीनमधील होता.
* पूर्वमालकी : आतल्या पुठ्ठ्यावर चिकटविलेली नामपट्टी, सही किंवा समासातील नोंद यांवरून प्रत कोणाकडून कोणाकडे गेली हे कळते. ज्या घराचे वर्णन ग्रंथात आहे त्याच घराच्या ग्रंथालयातील प्रत विशेष मोलाची ठरते.

जादा चित्रे घातलेल्या प्रती

जेम्स ग्रेंजर या धर्मोपदेशकाने १७६९ साली इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास प्रसिद्ध केला. त्यानंतर ग्रंथ उसवून त्यात इतर ठिकाणची चित्रे, पत्रे व नकाशे घालून तो पुन्हा बांधण्याचा छंद इंग्लंडमध्ये पसरला. कंट्री हाउसविषयक ग्रंथ यासाठी आवडीचे होते. होरेस वॉलपोल याने आपल्या स्ट्रॉबेरी हिल या घराचे वर्णन स्वतःच्याच छापखान्यात छापले होते. त्याच्या १७८४ सालच्या आवृत्तीच्या केवळ २०० प्रती निघाल्या. त्यातील काहींत पुढील मालकांनी मूळ जलरंगचित्रे घातली. १८४२ साली स्ट्रॉबेरी हिलमधील संग्रहाचा लिलाव होऊन तो जगभर विखुरला. अमेरिकन संग्राहक विल्मार्थ शेल्डन लुईस याने वॉलपोलचे ग्रंथ व कागदपत्रे शोधून एकत्र आणण्यात आपले आयुष्य वेचले. कनेक्टिकट राज्यातील फार्मिंग्टन येथील त्याचा संग्रह आता येल विद्यापीठाकडे आहे.

या छंदाला दोन बाजू आहेत. एक प्रत समृद्ध करण्यासाठी इतर अनेक ग्रंथ कापले गेले. मात्र जी एकाकी चित्रे अन्यथा नष्ट झाली असती, ती अशा प्रतींत सुरक्षित राहिली हेही खरे आहे.

पुरावा म्हणून मूल्य

घर नाहीसे होऊन ग्रंथ शिल्लक राहिल्याची काही उदाहरणे प्रसिद्ध आहेत.

फॉंटहिल ॲबी : विल्टशायरमध्ये विल्यम बेकफर्ड याने वास्तुविशारद जेम्स वायट याच्याकडून बांधून घेतलेला हा प्रचंड गॉथिक प्रासाद होता. कर्जामुळे बेकफर्डने तो १८२२ साली जॉन फारकर याला विकला. फारकरने बंगालमध्ये बंदुकीच्या दारूच्या निर्मितीतून संपत्ती मिळविली होती. प्रासादाविषयीचे कुतूहल शिगेला पोहोचले असताना, १८२३ साली, जॉन रटर आणि जॉन ब्रिटन यांचे दोन स्वतंत्र सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाले. १८२५ साली प्रासादाचा उंच मनोरा कोसळला. पुढे बहुतेक इमारत नाहीशी झाली. त्या दालनांचे सर्वांत तपशीलवार चित्रण या दोन ग्रंथांत आहे.

वॉनस्टेड हाउस : कॅम्पबेलने आराखडा केलेला हा प्रासाद ‘विट्रुव्हियस ब्रिटानिकस’मध्ये ठळकपणे दाखविला आहे आणि त्याचा प्रभाव अनेक पुढील घरांवर पडला. १८२२ साली त्यातील वस्तू लिलावात गेल्या आणि त्यानंतर लवकरच इमारत पाडून तिचे दगड विकण्यात आले.

हॉटन हॉल : येथे इमारत टिकली, परंतु पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल याचा चित्रसंग्रह १७७९ साली रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिला विकण्यात आला. त्याचा धाकटा मुलगा होरेस याने तयार केलेल्या चित्रसूचीमुळे ही चित्रे हॉटनच्या कोणत्या दालनात होती हे समजते. २०१३ साली त्यांपैकी अनेक चित्रे काही महिन्यांच्या प्रदर्शनासाठी हॉटनमध्ये परत आणण्यात आली.

स्टो : बकिंगहॅम येथील लेखनशिक्षक बेंटन सीली याने १७४४ साली स्टोच्या बागांची मार्गदर्शिका छापली. इंग्लंडमधील अशा प्रकारच्या आद्य पुस्तिकांत तिची गणना होते. १८४८ साली स्टोमधील वस्तूंचा ४० दिवस चाललेला लिलाव झाला. त्याची किमती व खरेदीदारांच्या नोंदींसह सचित्र सूची हेन्री रमसी फॉर्स्टर याने त्याच वर्षी प्रसिद्ध केली. स्टोची वैभवाची आणि ऱ्हासाची कहाणी या दोन पुस्तकांत सामावलेली आहे.

विश्वसनीयतेच्या मर्यादा

या ग्रंथांतील चित्रे जशीच्या तशी खरी मानता येत नाहीत. ‘विट्रुव्हियस ब्रिटानिकस’मध्ये प्रत्यक्षात कधीच न बांधलेले अनेक आराखडे आहेत. आश्रय मिळावा म्हणून कॅम्पबेलने स्वतःचे प्रस्ताव बड्या व्यक्तींना अर्पण करून त्यात घातले. विहंगम दृश्यांत नियोजित पण अपूर्ण बागा पूर्ण झालेल्या दाखविल्याची उदाहरणे आहेत. नॅशच्या दालनांतील माणसे व पोशाख त्याच्या कल्पनेतील आहेत. एकोणिसाव्या शतकातील दृश्यसंग्रहांत घर अधिक भव्य दिसावे म्हणून आसपासची वस्ती व शेतीची कामे गाळली जात. म्हणून अभ्यासक चित्राची सांगड जमीनमोजणीचे नकाशे, हिशेबाच्या वह्या आणि उत्खननातील पुरावे यांच्याशी घालूनच निष्कर्ष काढतात.

ग्रंथ फोडण्याची समस्या

सचित्र ग्रंथांपुढील सर्वांत गंभीर धोका कसर, ओल वा आग यांचा नसून बाजाराचा आहे. एका ग्रंथातील साठ चित्रे सुटी करून चौकटीत बसवून विकल्यास त्यांची एकत्रित किंमत पुष्कळदा अखंड ग्रंथापेक्षा जास्त येते. विशेषतः ज्या भागातील घराचे चित्र असेल, तेथील रहिवासी ते आवडीने विकत घेतात. यामुळे विसाव्या शतकात असंख्य ग्रंथ ‘फोडले’ गेले.

फोडलेल्या ग्रंथाबरोबर केवळ बांधणी नष्ट होत नाही. चित्रासोबतचा मजकूर, वर्गणीदारांची यादी, चित्रांचा क्रम आणि प्रतीच्या मालकीचा इतिहास हे सारे नाहीसे होते. सुट्या चित्रावरून ते कोणत्या आवृत्तीतील आहे हे सांगणेही अनेकदा अशक्य होते. आधीच अपूर्ण असलेली प्रत फोडण्यास हरकत नाही, असे काही विक्रेते मानतात. यावर आक्षेप असा, की अपूर्ण प्रतींची कमतरता भासली की पूर्ण प्रती ‘अपूर्ण’ करण्याचा मोह होतो. सध्या अनेक ग्रंथालये व जबाबदार संग्राहक अखंड प्रतीच स्वीकारतात. एका संचाच्या विखुरलेल्या खंडांना पुन्हा एकत्र आणणे हे चांगल्या संग्राहकाचे काम समजले जाते.

जतन

चित्रपृष्ठांवरील तपकिरी ठिपके हा सर्वांत सामान्य दोष होय. दमटपणा, बुरशी आणि कागदातील अशुद्धी ही त्याची कारणे सांगितली जातात. चित्रातील शाई समोरच्या पानावर उमटणे हा दुसरा दोष असून तो टाळण्यासाठी मध्ये पातळ कागद घातला जाई. हा कागद आम्लयुक्त असल्यास तोच पुढे मूळ पान पिवळे करतो. मोठ्या आकाराचे ग्रंथ उभे ठेवल्यास पानांच्या वजनाने बांधणी निखळते, म्हणून ते आडवे ठेवतात. हाताने रंगविलेली चित्रे प्रकाशात फिकी पडतात. चौकटीत टांगलेले चित्र आणि बंद ग्रंथात राहिलेले तेच चित्र शेजारी ठेवल्यास हा फरक सहज दिसतो. दुरुस्ती करताना चिकटपट्टी वापरू नये आणि पुन्हा सोडविता येईल अशीच खळ वापरावी, असा नियम आहे.

प्रमुख संग्रह

इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने जमविलेला स्थलचित्रांचा व नकाशांचा विशाल संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे. रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स या संस्थेच्या ग्रंथालयात वास्तुशास्त्रीय ग्रंथ आहेत. खाजगी संग्राहकांत मेजर ॲबी याचे नाव अग्रगण्य आहे. त्याचा रंगीत चित्रग्रंथांचा संग्रह अमेरिकन दानशूर पॉल मेलन याने विकत घेतला आणि तो पुढे येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रास दिला. हे केंद्र न्यू हेवन येथे १९७७ साली खुले झाले. अनेक ग्रंथांची पाने आता महाजालावर विनामूल्य पाहता येतात. त्यामुळे केवळ चित्र पाहण्यासाठी मूळ ग्रंथ हाताळण्याची गरज कमी झाली आहे. कागद, बांधणी व मालकीच्या खुणा यांचा अभ्यास मात्र मूळ प्रतीवरूनच करावा लागतो.

भारताशी संबंध

थॉमस व विल्यम डॅनियल या चुलत्या-पुतण्यांनी भारतात प्रवास करून काढलेल्या चित्रांचा ‘ओरिएंटल सीनरी’ हा १४४ अक्वाटिंटांचा ग्रंथ १७९५ ते १८०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे (१८०३) ही पुण्यात पेशव्यांच्या दरबारी काम केलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. ग्लॉस्टरशायरमधील सेझिंकोट हे घर ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतून परतलेल्या चार्ल्स कॉकरेल याच्यासाठी त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेप्स कॉकरेल याने १८०५ च्या सुमारास मोगल धाटणीत बांधले. त्यासाठी थॉमस डॅनियलने सल्ला दिला होता. सेझिंकोटमुळे प्रभावित झालेल्या रेप्टनने ब्रायटन येथील राजमहालासाठी भारतीय शैलीचा प्रस्ताव तयार करून १८०८ साली छापला. प्रत्यक्ष बांधकाम मात्र जॉन नॅशकडे गेले. अशा रीतीने भारतातील वास्तूंची छापील चित्रे इंग्लिश प्रासादाच्या घडणीत उतरली.

हा संबंध केवळ शैलीचा नव्हता. वॉनस्टेडची जमीनदारी सतराव्या शतकात विकत घेणारा जोसाया चाइल्ड हा ईस्ट इंडिया कंपनीचा सूत्रधार होता. त्याच्या धोरणामुळे कंपनीने मोगलांशी युद्ध ओढवून घेतले आणि त्यातूनच १६८९–९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला. वॉनस्टेडचा प्रासाद त्याच्या मुलाने बांधला.

सामाजिक दृष्टिकोन

या ग्रंथांतील मजकूर मालकाची वंशावळ विस्ताराने सांगतो. संपत्तीचा उगम मात्र तो क्वचितच सांगतो. बेकफर्डची संपत्ती जमैकातील गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या ऊसमळ्यांतून आली होती. ब्रिटनमधील नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० साली एक अहवाल प्रसिद्ध करून आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचे वसाहतवादाशी व गुलामगिरीशी असलेले संबंध मांडले. त्यावर ब्रिटनमध्ये मोठा वाद झाला. सचित्र ग्रंथांच्या वाचनातही हा दृष्टिकोन आता येऊ लागला आहे. चित्रात काय दाखविले आहे याबरोबरच काय गाळले आहे, हेही तपासले जाते.

विसाव्या शतकातील पुनर्मूल्यांकन

शेतीच्या उत्पन्नातील घट, १८९४ साली लागू झालेला वारसाकर आणि दोन महायुद्धे यांमुळे कंट्री हाउस सांभाळणे अशक्य होत गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९७४ साली ‘कंट्री हाउसचा विध्वंस’ या विषयावर प्रदर्शन भरले. रॉय स्ट्रॉंग, मार्कस बिनी आणि जॉन हॅरिस हे त्याचे सूत्रधार होते. पाडलेल्या घरांची चित्रे आणि छायाचित्रे पाहून लोकमत जागृत झाले आणि पुढच्याच वर्षी ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्था स्थापन झाली. प्रतिष्ठेसाठी छापलेली चित्रे अशा प्रकारे उरलेल्या वास्तूंच्या रक्षणासाठी उपयोगी पडली. अखंड प्रती जपण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.